डायलिसिससाठी दोन एकर विकून अकोल्याला जावं का?

संग्रामपूर तालुक्यातल्या एका भाऊंचं पत्र आलं आहे. छत्तीस वर्षांच्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. सात महिन्यांपासून अकोल्याच्या एका खासगी रुग्णालयात रोख पैसे भरून डायलिसिस चालू आहे. गावापासून अकोला 70 किलोमीटर. साडेचार एकर शेती, गावात मोटार वायंडिंगचं दुकान, दोन मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन एकराचे 18 लाख द्यायला गिऱ्हाईक तयार आहे. जमीन विकून अकोल्यात खोली करावी का, असं ते विचारतात.

भाऊ, आत्ता विकू नका. नीट सविस्तर सांगतो, कारण या प्रश्नात मी स्वतः अडकलेलो आहे. माझ्या वडिलांचं डायलिसिस तीन वर्षं चाललं. पहिल्याच वर्षी आम्ही रस्त्याकडेचा प्लॉट विकला आणि तो पैसा दर आठवड्याला थोडा थोडा संपवला. तिसऱ्या वर्षी काका किडनी द्यायला पुढे आले, तेव्हा तपासण्यांपुरतेही पैसे घरात नव्हते. प्लॉट होता तोवर आपल्यामागे काहीतरी आहे असं वाटायचं. म्हणून स्वस्त मार्ग शोधायची घाईच कुणी केली नाही.

आता तुमचा हिशेब. एका वेळचे 1,600 आणि जीपचे 1,500. आठवड्याला तीन धरले तर महिन्याला 13 वेळा. म्हणजे डायलिसिसचे 20,800, गाडीचे 19,500, रक्त वाढवायची इंजेक्शनं आणि गोळ्या 6,000, तपासण्या आणि बाहेरचं खाणं 2,500. एकूण 48,800. या वेगाने 18 लाख तीन वर्षांत संपतात. जमीन गेलेली, दुकान बंद, आणि वहिनी तेव्हा असतील एकोणचाळीस वर्षांच्या. डायलिसिस कायमचं आहे. कायमचा खर्च महिन्याच्या कमाईत बसवावा लागतो, तो जमिनीवर टाकता येत नाही.

या बेरजेत जीप जवळजवळ डायलिसिसएवढीच आहे. पत्रात तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत की गाडीभाडं परवडत नाही म्हणून दोन महिन्यांपासून आठवड्याला दोनदाच जाता. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. डॉक्टरांनी तीन सांगितली असतील तर तिसरं चुकवण्यात बचत नाही. अंगात पाणी साठतं, एका रात्री धाप लागते आणि मिळेल त्या गाडीने आयसीयू गाठावं लागतं. आमच्याकडे हे दोनदा झालं. दोन्ही वेळा महिन्याभराचे पैसे दोन दिवसांत गेले.

रोख का भरताय, याचं कारण तुमच्या कागदांतच सापडलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण वहिनींचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर आहे आणि आधारवरही माहेरचंच आडनाव. म्हणून तुम्हाला काउंटरवरून परत पाठवलं. ही दोन नावं दुरुस्त करणं हे आज तुमच्या घरातलं सगळ्यात मोठ्या किमतीचं काम आहे. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचा दाखला आणि आधार घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात जा. सोबत उपचाराची कागदपत्रं ठेवा आणि रुग्ण डायलिसिसवर आहे हे अर्जावरच लिहा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, त्याला भेटा. नाहीतर 155388 वर फोन करा.

रुग्णालय मात्र बदलावं लागेल. अकोल्याच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयात विचाराच, पण त्याआधी शेगाव, खामगाव आणि अकोटच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन या. जिल्हा पातळीवर मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 पासून आहे. अडचण येते ती यंत्रावर जागा मिळण्याची. प्रतीक्षा यादी असेल तर नाव लिहूनच घरी या. दुपारची पाळी मागा, सकाळी सातला पोचणारी एसटी तुमच्याकडून नाही. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत प्रवास मोफत आहे. शेगावहून रेल्वेने गेलात तर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात मोठी सवलत मिळते, फक्त डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

येताना एसटी झेपणार नाही, हे मला माहीत आहे. वडील चार तासांनी खुर्चीतून उठायचे तेव्हा पायात चप्पल घालायचंही त्राण नसायचं. सुईच्या जागेवर कापूस दाबून धरत ते गाडीत मागे आडवे व्हायचे. त्यामुळे जीप बंद करा असं मी म्हणणार नाही, ती वाटून घ्या. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या तुमच्या भागात, किडनीचे रुग्ण किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वाटेवरच्या गावांतून कोण कोण येतं ते डायलिसिसच्या टेक्निशियनला विचारा आणि तिघांनी एकच पाळी मागून घ्या. 1,500 चे 500 होतात, महिन्याला 6,500.

मग डायलिसिसचे पैसे वाचून महिन्याचा आकडा साधारण 15,000 वर येतो. दुकानातून 12,000 सुटतात असं तुम्ही लिहिलंय. विकायला काढलेले दोन एकर शेजारी 18,000 एकरी मक्त्याने घ्यायला तयार आहे, त्याचे महिन्याला 3,000 पडतात. घर उरलेल्या अडीच एकरांवर चालवावं लागेल. ओढाताण होईल, पण जमीन सातबारावर राहील. सावकाराकडे 3 टक्के महिन्याने ठेवलेलं सोनं सोडवून बँकेत ठेवा, व्याज बरंच उतरेल. वहिनींसाठी आता मेडिक्लेम काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, हा आजार त्यात बसणार नाही.

जमीन विकायची वेळ येईलही. वहिनींची आई 57 वर्षांची आहे, धडधाकट आहे आणि किडनी द्यायला तयार आहे. मला या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटली आणि तुम्ही ती ताजा कलम म्हणून लिहिलीत! आई कायद्याने जवळच्या नात्यात येते. प्रत्यारोपण योजनेत आहे, नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात ते होतं. तारखेआधी योजनेच्या वर्षाच्या मर्यादेत किती शिल्लक आहे ते विचारून घ्या. डायलिसिसचे पैसे त्यातूनच गेलेले असू शकतात. मात्र प्रत्यारोपणानंतरची औषधं जन्मभर असतात, दोन जीवांची विश्रांती असते, तुमचं दुकान काही महिने बंद राहतं. त्यासाठी एक एकर गेला तर मला वाईट वाटणार नाही. तेव्हा अकोल्यात किंवा नागपुरात सहा महिने खोली भाड्याने घ्या, घर मोडून जाऊ नका.

एक डॉक्टरांना विचारा: डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी अजून का आहे, हातात फिस्टुला (सुई टोचण्यासाठी छोट्या शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) कधी करणार? तो तयार व्हायलाच सहा-आठ आठवडे लागतात आणि नळीला जंतुसंसर्ग झाला की भरती व्हावं लागतं. खारं पाणी तुम्हीही तेच पिता, म्हणून तुमचा आणि मुलांचा रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) हेही तपासून घ्या.

गिऱ्हाइकाला सांगा, दिवाळीनंतर बोलू. इसार घेऊ नका. सोमवारी तहसील, आणि तिसरं डायलिसिस याच आठवड्यापासून, त्यासाठी सध्या उसने घ्यावे लागले तरी.