अतिरेक्याचं मन अभ्यासायचंय, तर सुरुवात कुठून?

प्रश्न : माझी मुलगी सायली यंदा बारावीला आहे. कला शाखा, मानसशास्त्र विषय घेतलाय. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ती ‘दहशतवादी हल्लेखोर हे मनोरुग्ण असतात’ या बाजूने बोलली आणि तेव्हापासून तिला पुढे हाच अभ्यास करायचाय. घरात रोज वाद चालतो. माझे सासरे म्हणतात, हे सगळे धर्मांध, आजाराचं नाव देऊन त्यांना पाठीशी घालू नका. माझा भाऊ डॉक्टर आहे. तो म्हणतो, डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं करूच शकत नाही. सायलीने एक वर्ष थांबून सायन्स घ्यावं, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावी, मानसोपचारतज्ज्ञ व्हावं, असंही त्याचंच म्हणणं. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. यातलं खरं काय? आणि यात पोट भरण्यासारखं काही आहे का, की मुलगी नुसतं भलतंसलतं वाचत बसेल?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, वादविवादात एक बाजू घ्यायची आणि शेवटपर्यंत लढवायची असते. या विषयाच्या अभ्यासात तसं केलं की माणूस हमखास तोंडघशी पडतो. तुमच्या सासऱ्यांकडेही पुरावा आहे आणि भावाकडेही. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे हल्लेखोर आहेत.

सायलीला नॉर्वेच्या एका खटल्यापासून सुरुवात करू द्या. २२ जुलै २०११ रोजी आंदर्स ब्रेविक या माणसाने ओस्लोत सरकारी कचेऱ्यांपाशी बॉम्बस्फोट घडवला. त्यात ८ माणसं गेली. मग पोलिसाचा वेश करून तो उतोया बेटावर गेला. तिथे मजूर पक्षाच्या युवा शाखेचं शिबिर भरलं होतं. तिथे त्याने ६९ जणांना मारलं, त्यातली कितीतरी मुलं सायलीच्या वयाची. कोर्टाने दोन मनोविकारतज्ज्ञ नेमले. त्यांनी त्याच्याशी अनेक बैठकांत बोलून अहवाल दिला : पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशय आणि भ्रमांनी ग्रासणारा गंभीर मनोविकार, आणि कृत्याच्या वेळी भ्रमावस्थेत. देशभर गदारोळ झाला. कोर्टाने आणखी दोन तज्ज्ञ नेमले. त्यांचा अहवाल खटला उभा राहायच्या तोंडावर, एप्रिल २०१२ मध्ये आला. त्यात म्हटलं होतं, हा भ्रमावस्थेत नव्हता. आत्मप्रौढीचा व्यक्तिमत्त्वविकार आहे, पण आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणूस एकच, चारही तज्ज्ञ जाणते, आणि निष्कर्ष दोन टोकांचे.

असं का झालं, हे सायलीने बारकाईने पाहावं. पहिल्या अहवालात ब्रेविकच्या तोंडचे काही विचित्र जोडशब्द आजाराची खूण म्हणून टिपले होते. रुग्ण स्वतःच शब्द घडवून ते सर्रास वापरू लागला की डॉक्टरांना भ्रमावस्थेची शंका येते, आणि त्यात चूक काही नाही. पण त्यातले बरेच शब्द त्याने घडवलेले नव्हतेच. इंटरनेटवरच्या मुस्लिमद्वेष्ट्या, अतिउजव्या मंडळींत ते रोजच्या बोलण्यातले होते. त्या मंडळींचं लिखाण ज्यांनी चाळलं होतं त्यांना ते ओळखीचे वाटले. दवाखान्यात बसून ते कळणं कठीण होतं. उलट बाजूही पाहा. आपण ‘नाइट्स टेम्पलर’ नावाच्या गुप्त संघटनेचे सरदार आहोत असं तो सांगायचा, आणि पोलिसांना अशी कुठलीच संघटना सापडली नाही. हा भ्रम म्हणायचा, की फुशारकी? राजकीय अतिरेकाच्या अभ्यासकांनाही साक्षीला बोलवावं लागलं ते यामुळेच.

आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. सरकारी पक्ष म्हणत होता, याला मनोरुग्ण ठरवून रुग्णालयात ठेवा. आणि आरोपी हट्टाने सांगत होता की मी शहाणा आहे. वेडा ठरलो तर माझ्या विचारांची किंमत शून्य होईल, ही त्याची भीती. २४ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायालयाने त्याला शहाणा ठरवलं आणि २१ वर्षांची, पुढे वाढवता येणारी स्थानबद्धतेची शिक्षा दिली. धर्माचं म्हणाल तर तो स्वतःला ख्रिश्चन म्हणवत होता, पण ते संस्कृतीच्या अर्थाने. तो काही मोठा भाविक नव्हता.

इथे आपल्या कायद्याचा फरकही तिला दाखवा, वकिलाकडे जायची गरज नाही. नॉर्वेत त्या वेळी आरोपी कृत्याच्या क्षणी भ्रमावस्थेत होता एवढं सिद्ध झालं तरी शिक्षा टळत होती. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानाचं ८४, एवढ्यावर थांबत नाही. आपण काय करतोय, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे आजारामुळे कळतच नव्हतं असं दाखवावं लागतं. आजार असणं वेगळं आणि कायद्याने जबाबदारीतून सुटणं वेगळं. सासऱ्यांची ‘पाठीशी घालण्याची’ भीती एवढ्याने बरीच कमी होईल.

आता घरच्या प्रकरणाकडे. २६/११ च्या दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो एकटा अजमल कसाब. त्याच्यावर मुंबईत रीतसर खटला चालला. बचावात वयाचा मुद्दा निघाला, तो अल्पवयीन असल्याचं सांगितलं गेलं, वैद्यकीय तपासणीत ते टिकलं नाही. वेडाचा मुद्दा खटल्याच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. पाकिस्तानी पंजाबातल्या फरीदकोट गावचा, कमी शिकलेला, घर सोडून मजुरी करणारा पोरगा. त्याच्या सुरुवातीच्या जबाबानुसार तो आणि त्याचा मित्र शस्त्रांच्या शोधात होते ते दरोडे घालायला, आणि त्यातून लष्कर-ए-तैयबाच्या दारात पोचले. पुढची सगळी घडण छावणीतली.

त्या रात्री पाकिस्तानातून फोनवर सूचना देणाऱ्यांचं बोलणं आपल्या यंत्रणांनी टिपलं. त्यातला एक तुकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ताजमध्ये घुसलेला एक जण तिथले दिवे, मोठमोठ्या पडद्यांचे संगणक पाहून हरखून गेलाय आणि त्याचंच वर्णन करतोय. पलीकडचा माणूस विचारतोय, अजून आग का लावली नाही? या संवादात भ्रम कुठेच दिसत नाही. भक्ती दिसते ती बरीचशी फोनच्या पलीकडे : स्वर्गाचं आश्वासन देणारा तोच आणि पुढे काय करायचं ते सांगणाराही तोच. तो स्वतः मात्र मुंबईत आला नव्हता.

म्हणून माझं मत असं, की संघटनेतून आलेल्या हल्लेखोरांपुरता तुमच्या भावाचा मुद्दा टिकत नाही. संघटना माणसं पारखून घेतात. ज्याच्या मनाचा भरवसा नाही, जो गुपित राखू शकत नाही, तो त्यांनाही नको असतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि सीआयएचे माजी अधिकारी मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये १७२ जिहादींची माहिती तपासली. त्यांना मनोविकार फारसा आढळला नाही. आढळली ती मैत्री आणि नातीगोती. आधी टोळकं जमतं, विचार मागून पक्का होतो. एकट्याने हल्ला करणाऱ्यांचं चित्र मात्र निराळं आहे. ब्रिटनमधल्या एमिली कॉर्नर आणि पॉल गिल यांनी २०१५ मध्ये अशा ११९ जणांची तुलना संघटनेतल्या हल्लेखोरांशी केली. एकट्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना मनोविकाराचा इतिहास होता, संघटनेतल्यांमध्ये अगदी थोड्यांना. भाऊ बहुधा या एकट्यांबद्दल बोलत असावा. तरीही दोन तृतीयांश उरतातच, आणि ज्यांना आजार होता त्यांनीही हल्ला आजारामुळेच केला असं सिद्ध होत नाही. मधुमेह असलेल्या चोराने मधुमेहामुळे चोरी केली असं आपण म्हणत नाही.

सासऱ्यांच्या म्हणण्याचाही असाच निकाल लागतो. श्रीलंकेतल्या एलटीटीईने आत्मघाती हल्ल्यांचं तंत्र इतकं वापरलं की एके काळी जगात त्या बाबतीत तीच आघाडीवर होती, आणि ती संघटना धर्मावर उभी नव्हती. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या करणारी तरुणी तमिळ राष्ट्रासाठी मरायला तयार झाली होती, स्वर्गासाठी नव्हे. आपल्या गडचिरोलीतले नक्षलवादी तर देवच मानत नाहीत.

पण मग ‘धर्माचा काही संबंध नाही’ हेही खरं नाही. तसं म्हणणारे अभ्यासक मला जरा घाबरट वाटतात. इसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी इस्लामी अभ्यासातली डॉक्टरेट घेतलेला होता, आणि तो धर्मग्रंथांच्या आधारानेच माणसं बोलावत होता. त्याच इसिसचे भरती अर्ज २०१६ मध्ये फुटले. त्यात धर्माचं ज्ञान किती, असा रकाना होता, आणि सुमारे ७० टक्के जणांपुढे ‘प्राथमिक’ अशी नोंद होती. म्हणजे वर जाणकार, खाली कच्चे. २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण इराकला गेले ते तुम्हाला आठवत असेल. अशांना ग्रंथ किती पाठ आहे यापेक्षा ‘आपल्या लोकांवर अन्याय होतोय आणि मी काहीतरी थोर करणार’ ही भावना जास्त खेचते, आणि धर्म त्या भावनेला भाषा, गणवेश आणि परवानगी देतो. परवानगी ही छोटी गोष्ट नव्हे.

आणि एक गोष्ट सायलीला कडकपणे सांगा. ‘हल्लेखोर मनोरुग्ण असतात’ हे वाक्य ती व्यासपीठावरून बोलली, ते उद्या तिच्यासमोर बसणाऱ्या रुग्णांना लागणार आहे. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत. मार खाणाऱ्यांत मात्र ती पुष्कळदा असतात. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने एवढ्या एका समजुतीपायी सोयरिकी मोडताना आणि भाड्याची खोली नाकारली जाताना पाहिलेली असते.

आता करिअर. ‘दहशतवाद्यांच्या मनाचा तज्ज्ञ’ अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही, हे आधीच मान्य करून टाका. या विषयात पोचलेली माणसं दुसऱ्या कुठल्यातरी पक्क्या कामातून तिथे गेली आहेत : कुणी डॉक्टर, कुणी पोलीस, कुणी मानववंशशास्त्रज्ञ. तेव्हा पहिलं काम, पोट भरणारं एक कौशल्य.

सायलीसाठी मला सरळ वाटणारा रस्ता म्हणजे मानसशास्त्रात पदवी, मग क्लिनिकल सायकॉलॉजी. रुग्ण तपासायचे, उपचार करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे. त्यामुळे फी भरण्याआधी त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा; कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. बंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था ही मोठी नावं, प्रवेशही तितकेच अवघड. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या कामाला झगमगाट नाही, पण भ्रम खरा कसा दिसतो हे तिथेच कळतं, आणि ते पाहिल्याशिवाय ब्रेविकच्या अहवालांवर मत देण्यात अर्थ नाही.

गुन्ह्याच्या बाजूने जायचं असेल तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. मुख्य केंद्र गांधीनगरला, गोव्यातही एक परिसर आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत मानसशास्त्राचा विभाग असतो, जागा थोड्या. तिथलं काम सिनेमातल्यासारखं नसतं. लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग, नार्को या चाचण्या संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिला आहे. तीन महिन्यांत ‘क्रिमिनल प्रोफायलर’ करून देतो म्हणणाऱ्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर एक रुपयाही घालवू नका. ते सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यापलीकडे उपयोगाचं नाही.

तिसरी वाट मला स्वतःला आवडते आणि मुलं तिकडे फार कमी वळतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि कोठडीतल्या माणसांसोबत काम करतो. सोशल वर्क करून अशा कामात शिरलं की आरोपी, त्याची आई, त्याचा वकील, तिघंही भेटतात. संशोधनाकडे कल असेल तर पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे. पुढे परदेशात स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दहशतवादाच्या अभ्यासाचं जुनं केंद्र आहे. पण ते पदव्युत्तरचं बघू, आत्ता त्याचे ब्रोशर जमवू नका.

एक काम आजपासून करता येईल : भाषा. कराडात बसून उर्दू लिपी काही महिन्यांत शिकता येते, शिकवणारे मिळतात. या क्षेत्रात भाषांतरावर जगणारे खूप आणि मूळ जबाब वाचू शकणारे थोडे. त्या नॉर्वेतल्या डॉक्टरांना नेमकं तेच नडलं, त्यांना समोरच्याच्या गोटातली बोली येत नव्हती.

भलतंसलतं वाचण्याच्या तुमच्या भीतीबद्दल. विषय वाचल्याने मुलं बिघडत नाहीत. पण हल्ल्यांचे व्हिडिओ आणि हल्लेखोरांचे जाहीरनामे तिने आत्ता पाहायचे नाहीत, हा नियम घालाच. त्याची गरजही नाही. अशी सामग्री डाउनलोड करून ठेवणं, पुढे पाठवणं कायद्यानेही अंगाशी येऊ शकतं. निकालपत्रं वाचावीत. कसाबच्या अपिलावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल सहज मिळतो. इंग्रजी सोपं आहे, आणि कथा-कादंबरीपेक्षा जास्त धरून ठेवतो. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर काही दिवस बंद.

आणि ‘नीट’चं काय? भावाला माझा नमस्कार सांगा. मानसोपचारतज्ज्ञ होणं उत्तमच, पण त्यासाठी एमबीबीएस आणि मग एमडी, म्हणजे निदान नऊ-दहा वर्षं, आणि त्याआधी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसह बारावी पुन्हा. मुलीला शरीरशास्त्राची ओढ असती तर मी हो म्हणालो असतो. तुमच्या पत्रात तशी ओढ कुठे दिसली नाही. तिलाच विचारा, मामाच्या दवाखान्यात आठवडाभर बसायला आवडेल का. आवडलं तर मला पुन्हा लिहा, आपण वेळापत्रक मांडू. नाहीतर बारावीची परीक्षा होईपर्यंत हा विषय घरात बंद ठेवा आणि मे महिन्यात पदवीसाठी तीन कॉलेजं प्रत्यक्ष जाऊन बघा : मानसशास्त्राची प्रयोगशाळा आहे का, आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी रुग्ण पाहतं का, एवढं विचारून या.