रोज मुलुंड-अंधेरी, अधूनमधून सातारा: ॲडासवाली गाडी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की टॉप मॉडेलला ॲडास, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणारी यंत्रणा, मिळतंय, त्यासाठी लाखभर जास्त मोजावे लागतायत. जाणं-येणं रोज मुलुंड ते अंधेरी आणि महिन्या-दोन महिन्यांतून साताऱ्याला गावी. तर पैसे वसूल होतील, की गाडी नुसती पीं-पीं करून डोकं खाईल?

दोन्ही होईल. डोकं रोज खाईल, वसुली कधीतरी एखाद्या दिवशी होईल.

मीही मुलुंडचीच, ऑफिस पवईला, गाडी ॲडासवाली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मग सगळं बोलणं त्या कंपनीवरच जातं आणि हे दुखणं कंपनीगणिक फारसं बदलत नाही.

आधी एक लक्षात घ्या. शोरूममध्ये ॲडास हा शब्द एखादा सनरूफ विकावा तसा विकतात, पण त्या नावाखाली आठ-दहा वेगळी कामं आहेत. काही फक्त सांगतात: बाजूला बाईक आहे, मागून रिक्षा येतेय, लेन सुटतेय. काही मात्र थेट हात घालतात, म्हणजे ब्रेक दाबतात नाहीतर स्टिअरिंग ओढतात. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक ‘लेव्हल २’. वेग आणि स्टिअरिंग गाडी थोडा वेळ सांभाळेल, पण रस्त्यावर डोळे तुमचेच आणि ठोकली तर जबाबदारीही तुमचीच. सेल्समन हे शेवटचं वाक्य जरा हळू आवाजात म्हणतो.

आता जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. सकाळी गांधीनगर सिग्नलवरून चढलात की गाडीतलं अडॅप्टिव्ह क्रूझ लावून बघा, म्हणजे एकदाच बघा. हे यंत्र पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर राखतं. सेटिंगमध्ये सगळ्यात कमी अंतर निवडलं तरी तेवढ्यात एक रिक्षा आरामात बसते. आणि मुंबईत दोन गाड्यांमधलं अंतर म्हणजे मागच्याला दिलेलं आमंत्रण. रिक्षा घुसते, गाडी ब्रेक मारून पुन्हा अंतर तयार करते, त्यात बाईक घुसते, गाडी पुन्हा मागे सरते. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढत नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या दृष्टीने तुम्ही विनाकारण थांबत-थांबत चाललाय. यात यंत्र बिघडलेलं नसतं. अंतर ठेवलं तर समोरचा ते अंतर म्हणूनच राहू देईल, असं गृहीत धरून ते बनवलंय. पवईत तसं कोणी गृहीत धरत नाही.

लेन राखणाऱ्या फीचरची कथा वेगळी. बहुतेक गाड्यांत ते साधारण साठच्या पुढेच जागं होतं, म्हणून गर्दीच्या वेळी ते झोपलेलंच असतं. त्रास होतो रात्री, रस्ता मोकळा मिळाला की. मेट्रोच्या कामाने रस्ता इकडून तिकडे सरकवलेला, जुना पट्टा अर्धवट पुसलेला, नवा पट्टा त्याच्यावरून तिरका गेलेला. आरशामागचा कॅमेरा बिचारा दोन्ही बघतो आणि कधी चुकीचा निवडतो. तुम्ही खड्डा चुकवायला जरा डावीकडे घेता आणि स्टिअरिंग तुम्हाला खड्ड्याकडे परत ढकलतं. जोर फार नसतो, हाताने सहज मोडता येतो, पण ज्याला माहीत नाही तो दचकतो. इंडिकेटर दिला तर ते ओढत नाही. म्हणजे खड्डा चुकवायलाही इंडिकेटर द्यायचा! शहरात मी हे फीचर बंद ठेवते.

पण आपोआप लागणारा ब्रेक कधीही बंद करू नका. तोही चुकतो. बाईकवाला कट मारून गेला की विनाकारण दणका देतो, छातीवर पट्टा आवळला जातो आणि मागचा आपल्या डिकीत येतोय की काय म्हणून आपण आरशात बघतो. त्यावर उपाय आहे. बऱ्याच गाड्यांत इशारा लवकर द्यायचा की उशिरा, हे निवडता येतं. मुंबईसाठी ‘उशिरा’ ठेवा. ज्या क्षणी तुमची नजर चुकलीय आणि पुढचा जागच्या जागी थांबलाय, त्या एका क्षणासाठी हे आहे. लाखभरातला मोठा वाटा मी तरी यालाच देते.

आता पीं-पींबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला खरा राग तिथे आहे. त्यातली निम्मी पीं-पीं ॲडासची नाहीच. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या गाडीत, अगदी बेस मॉडेललाही, सीटबेल्टचा इशारा, रिव्हर्स सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचा आहे. ताशी ८० च्या वर गेलात की मधूनमधून वाजतं, १२० च्या वर थांबतच नाही. अटल सेतूवर कारला वेगमर्यादा १००, म्हणजे नियमात राहून चाललात तरी न्हावाशेवा येईपर्यंत गाडी तुम्हाला टोकत राहणार. बाजूच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली की गाडीला वाटतं माणूस बसलाय, आणि कोबीला सीटबेल्ट लावेपर्यंत ती गप्प बसत नाही.

लोकांनी यावर काय केलं ते आठवतंय का? बेल्टच्या खाचेत अडकवायची नुसती क्लिप विकत घेतली. बेल्ट न लावता आवाज बंद. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसल्याची देशभर चर्चा झाली, आणि तरीही क्लिपा खपत होत्या. शेवटी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या हटवायला लावल्या. तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. मला याचं नवल वाटत नाही. कोबीसाठी आणि माणसासाठी एकच आवाज काढलात तर माणूस तो आवाजच मारून टाकतो. वर्गात दिवसभर ओरडणाऱ्या मास्तरांचं जसं कोणी ऐकत नाही, तसं. ॲडासमध्ये नेमका हाच धोका आहे: लेनच्या कटकटीला वैतागून लोक मेनूत जातात आणि रागाच्या भरात ब्रेकसकट सगळं बंद करून टाकतात.

म्हणून शोरूममध्ये काय-काय आहे हे विचारू नका, ते ब्रोशरमध्ये छापलेलं असतं. बंद कसं करायचं ते विचारा. स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण आहे, की स्क्रीनवर चार पानं आत शिरावं लागतं? इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की तुमचं सेटिंग राहतं, की सगळं पहिल्यासारखं होतं? काही गाड्यांत काही फीचर्स रोज सकाळी नव्याने बंद करावी लागतात. हा त्रास कागदावर दिसत नाही, पण आठवड्याभरात कळतो.

स्क्रीनचा वैताग फक्त आपल्यालाच आहे असं समजू नका. २०२२ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने ताशी ११० च्या वेगात रेडिओ लावणं, तापमान वाढवणं अशी चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. २००५ ची बटणांची जुनी व्हॉल्वो १० सेकंदांत मोकळी झाली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या टचस्क्रीनवाल्या गाडीला ४४.६ सेकंद लागले, म्हणजे तेवढ्या वेळात सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता अर्ध्या लक्षाने कापला. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने तर २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं नसतील तर पूर्ण पाच तारे मिळणं अवघड केलंय. माझ्या गाडीच्या त्याच स्क्रीनवर फोन जोडलेला असल्यामुळे सोसायटीच्या गेटचं ॲपही येतं. विक्रोळीला लेन बदलताना मधोमध ‘कुरियरवाला आलाय, आत सोडू का?’ वॉचमन काका समोर उभे असतात, कुरियरवाल्याला दोन वर्षं ओळखतात, तरी विचारायचं मला. ते नोटिफिकेशन गाडी घरी आणल्यादिवशीच बंद करा.

पावसाळ्याचं थोडक्यात: जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात कॅमेऱ्याला पट्टे दिसत नाहीत, बंपरच्या रडारवर चिखल बसतो, आणि गाडी स्क्रीनवर सांगून टाकते की सध्या जमणार नाही. जेव्हा मदत हवी तेव्हाच हात वर. पण निदान प्रामाणिकपणे सांगते. दसऱ्याला हार घालताना आणि लिंबू-मिरची बांधताना मात्र रडार कुठे आहे ते बघून घ्या, त्याच्यासमोर काही लटकवू नका असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पुढची काच बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. म्हणून ते काम कुर्ल्याला स्वस्तात उरकण्याआधी जुळवणी कोण करणार ते विचारा, आणि विमा त्याचे पैसे देतो का तेही.

साताऱ्याच्या रस्त्यावर गाडीचं वागणं बदलतं. एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात शंभरवर क्रूझ लावा आणि पाय मोकळा सोडा. २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांनी चलान फाडायला सुरुवात केलीय, त्यामुळे शंभरचा एकशे दहा न होणं हाच फायदा. पट्टे स्वच्छ, रिक्षा-बाईकला बंदी, सगळं या यंत्राच्या मनासारखं. खोपोली आली की बंद करा. घाटात वळणावर पुढची गाडी रडारच्या नजरेतून निसटते आणि आपली गाडी वेग घेऊ पाहते, नाहीतर शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असं समजून ब्रेक मारते. मर्यादाही तिथे साठचीच आहे. पुण्यापुढच्या खंबाटकी घाटातही क्रूझ बंदच ठेवा.

पुण्यापुढे मात्र एका गोष्टीला जपा. थंडीत कारखाने सुरू असतात, रात्री कडेला उसाची ट्रॉली उभी असते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. भरवेगात जाताना उभ्या वस्तूंच्या बाबतीत ही यंत्रणा कच्ची पडते, हे कंपन्याच मॅन्युअलमध्ये लिहून ठेवतात. तिथे क्रूझ लावून गप्पा मारत बसू नका.

ज्यांचा फारसा गवगवा होत नाही अशी दोन फीचर्स मला रोज उपयोगी पडतात. आरशातला बाजूच्या वाहनाचा दिवा, जरी मुंबईत तो जवळजवळ कायमच पेटलेला असला तरी. आणि रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा. मुलुंडच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, मधून मागे-मागे बाहेर यायचं, आणि डिलिव्हरीवाली बाईक कुठून येईल ते दिसत नाही. हे फीचर काही गाड्यांत ॲडासशिवाय मिळत नाही, तेवढं तपासा.

माझं मत: सहा एअरबॅग आणि रिव्हर्स कॅमेरा खालच्या मॉडेललाही मिळत असतील, आणि वरचे पैसे सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसकट जात असतील, तरी तुमच्या साताऱ्याच्या फेऱ्यांसाठी मी ॲडास घेईन. फक्त मुलुंड-अंधेरी असतं तर नसतं घेतलं. टेस्ट ड्राइव्ह शोरूममागच्या रिकाम्या रस्त्यावर नको, संध्याकाळी सातला जेव्हीएलआरवर मागा. ते कुरकुरतील, तरी मागा. आणि घरात आणखी कोणी गाडी चालवत असेल, बाबा किंवा वहिनी, तर त्यांनाही त्या दिवशी स्टिअरिंगवर बसवा. गाडी पहिल्यांदा स्वतःहून ब्रेक मारते तेव्हा त्यांना ते आधी ठाऊक असलेलं बरं.