ग्रंथालयाच्या कॅटलॉगसाठी पुस्तक-शिफारस प्रणाली या विषयावर पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बेळगावातल्या कॉलेजात ग्रंथपाल आहात, कॅटलॉग कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर आहे, नोंदी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहेत, आणि डीप लर्निंगचं कुठलं मॉडेल घ्यावं हे कळत नाही. मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. आधी देवघेवीच्या नोंदी किती शिल्लक आहेत ते बघा.

कोहात बाहेर गेलेली पुस्तकं 'इश्यूज' टेबलात असतात आणि परत आलेली 'ओल्ड इश्यूज'मध्ये. वाचकाचा क्रमांक पुसणारी स्क्रिप्ट कोणी रोज रात्री चालायला लावली असेल, तर जुन्या नोंदींत तारखा सापडतील, वाचक सापडणार नाही. मग कोणत्या पुस्तकासोबत कोणतं पुस्तक वाचलं गेलं, हे काढता येत नाही. सिस्टीम सांभाळणाऱ्याला आजच विचारा. दुसरी गळती अशी की कोहातून डिलीट केलेली प्रत 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जाते आणि 'ओल्ड इश्यूज'मधला तिचा प्रत क्रमांक रिकामा होतो. त्यामुळे देवघेव 'आयटम्स'शी जोडताना वाचून वाचून फाटलेली, म्हणजे सर्वांत जास्त मागणी असलेली पुस्तकंच हिशोबातून गळतात.

वाचकांची ओळख लपवताना वाचक क्रमांकाचा नुसता हॅश (ठरलेल्या सूत्राने केलेला सांकेतिक आकडा) करू नका. क्रमांक एकापासून ओळीने असतात, त्यामुळे कोणीही सगळे हॅश करून पाच मिनिटांत उलट शोधेल. यादृच्छिक क्रमांकांचा तक्ता करा आणि तो ग्रंथालयातच ठेवा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर नैतिकता समितीही हे विचारणारच.

आता साफसफाई, आणि प्रबंधाचा निम्मा वेळ इथेच जातो. बुक बँकेतून एका विद्यार्थ्याला सेमिस्टरचा अख्खा संच दिला जातो. त्या नोंदी ठेवल्यात तर मशीन अभ्यासक्रम शिकतं, आवड नाही. त्या वेगळ्या काढा. सार्वजनिक वाचनालयाचा डेटा घेतलात तर एका कार्डामागे अख्खं घर असतं: आजीच्या मराठी कादंबऱ्या आणि नातवाची कन्नड माध्यमाची गाईडं एकाच खात्यावर. असं कार्ड विसंगत म्हणून फेकू नका, आपल्याकडे ते नेहमीचंच आहे.

भाषेची अडचण तर तुमच्या विषयाचं खरं भांडवल आहे. एकच कादंबरी एका नोंदीत देवनागरीत, दुसरीत रोमन लिपीत असते, तिचा कन्नड अनुवाद तिसरीकडे. मार्क या कॅटलॉग नोंदींच्या प्रमाणित आराखड्यातलं 041 क्षेत्राचं एच उपक्षेत्र मूळ भाषा सांगतं आणि 765 मूळ कृतीकडे नेतं, पण ही दोन्ही बहुधा रिकामीच असतात. श्रीलिपी किंवा जुन्या नुडी अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या नोंदी आधी युनिकोडमध्ये आणा. तरीही 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून. डोळ्याला सारखाच दिसतो, मशीनला दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची पद्धत) हा फरक जात नाही, नियम स्वतः लिहावा लागतो.

मग सर्वांत साधी पद्धत: दोन पुस्तकांचे समान वाचक मोजा. एका पुस्तकाचे 40 वाचक, दुसऱ्याचे 10, समान 5. कोसाइन साम्य, म्हणजे दोन पुस्तकांचा वाचकवर्ग किती सारखा याचा 0 ते 1 मधला आकडा: 5 भागिले 400 चं (40 गुणिले 10) वर्गमूळ, म्हणजे 0.25. आता ज्या दोन पुस्तकांना प्रत्येकी एकच वाचक आहे आणि तो एकच माणूस आहे, त्यांचं साम्य 1 येतं! म्हणून किमान 3 समान वाचकांची अट घाला. ही अट नसेल तर शिफारशी हास्यास्पद येतात आणि दोष मॉडेलवर जातो.

ज्यांना पुरेसे वाचकच नाहीत त्या पुस्तकांसाठी शीर्षक आणि मार्कच्या 650 क्षेत्रातले विषय लाबसे किंवा म्यूरिल या बहुभाषिक भाषा-मॉडेलमधून आकड्यांत बदलून घ्या आणि ते आकडे जुळवा. दोन्हींना मराठी आणि कन्नड येतात. नुसतं शीर्षक दिलंत तर 'भाग 2' वाली पुस्तकं एकत्र येतात.

चाचणीसाठी डेटा तारखेनेच तोडा: जुनी वर्षं शिकायला, शेवटचं वर्ष तपासायला. यादृच्छिक तोडलात तर भविष्य आधीच शिकलेलं असतं आणि आकडे फुगतात. रेटिंग नसताना आरएमएसई (रेटिंगचा अंदाज किती चुकला याचं माप) मोजू नका. पहिल्या दहांतला रिकॉल (वाचकाने खरंच नेलेल्यांपैकी किती पुस्तकं पहिल्या दहा शिफारशींत होती), एनडीसीजी (ती यादीत किती वर होती) आणि किती टक्के संग्रह कधीतरी सुचवला गेला, हे द्या. सोबत भाषेप्रमाणे वेगळा तक्ता हवाच, नाहीतर इंग्रजी क्रमिक पुस्तकं सरासरी वर ओढतात आणि मराठी-कन्नडचं अपयश झाकलं जातं. तुलनेला लोकप्रिय पुस्तकं आणि त्याच ड्यूई वर्गातली (ड्यूईच्या विषय-वर्गीकरणातल्या एकाच विषयाची) लोकप्रिय पुस्तकं ठेवा. 2019 च्या रेकसिस या शिफारस प्रणालींवरच्या परिषदेतल्या एका अभ्यासात 18 पैकी फक्त 7 न्यूरल (डीप लर्निंगच्या) पद्धतींचे निकाल पुन्हा काढता आले, आणि त्यांतल्या 6 पद्धतींना बहुतेक वेळा साध्या पद्धतींनी हरवलं. परीक्षक हा प्रश्न विचारतीलच.

शिफारशी ओपॅकवर, म्हणजे वाचकांना दिसणाऱ्या ऑनलाइन कॅटलॉगवर, आणायला वेगळा सर्व्हर लागत नाही. रात्री शिफारशींची जेसन फाइल तयार करा, कोहाच्या 'ओपॅक यूजर जेएस' या सेटिंगमधून (तिथे आपली जावास्क्रिप्ट टाकता येते) नोंद क्रमांकाने वाचा, आणि दाखवताना आत्ता शेल्फवर प्रत असलेलीच पुस्तकं वर ठेवा.