दात येताना बाळाची किरकिर

प्रश्न: ताई, माझं बाळ सात महिन्यांचं आहे, खालच्या हिरडीत दात टोचतोय, लाळ सारखी गळते नि रात्रभर किरकिर. सासूबाई म्हणतात टाकणखार मधात कालवून हिरडीला लाव. लावू का?

उत्तर: नको गं, अजिबात लावू नकोस. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या पोटात जाणं घातक, आणि मध तर 1 वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. सासूबाईंना काळजीच आहे, त्यांना नीट समजावून सांग. त्यापेक्षा स्वच्छ मलमलचं फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून फ्रीजमध्ये ठेव, फ्रीझरमध्ये नाही हं, कडक झालं की हिरडीला लागतं, आणि गार झालं की एक टोक बाळाला चावायला दे, तू समोर बसूनच. नखं कापून, हात साबणाने धुऊन बोटाने हिरडी हलकेच चोळलीस तरी बाळ शांत होतं. लाळ घासून पुसू नकोस, नुसती टिप, नाहीतर हनुवटीवर पुरळ येतं. दुकानातलं बधीर करणारं जेल नकोच. आणि ताप 100.4 च्या वर गेला किंवा जुलाब लागले तर दातांमुळेच असेल म्हणून थांबू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने.