देव बदलतो का? व्हाइटहेडचं उत्तर

तुमचा प्रश्न असा: जग क्षणाक्षणाला बदलतंय, मग ते जाणणारा देव जसाच्या तसा कसा राहील? आणि प्रोसेस थिऑलॉजीवाले, म्हणजे व्हाइटहेड या तत्त्वज्ञाच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या धर्मशास्त्राचे लोक, यावर काय म्हणतात?

ते म्हणतात, राहत नाही.

त्यांचं भांडण कोणाशी आहे ते आधी बघा. तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस खांबाचा दाखला देतो. जनावर खांबाला वळसा घालून पलीकडे गेलं की उजवीकडचा खांब त्याच्या डावीकडे येतो. हललं ते जनावर, खांब जागच्या जागी. देव म्हणजे तो खांब. तुम्ही रडा, प्रार्थना करा, फरक पडतो तो तुमच्यात.

आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेडला असा देव नको होता. हा मुळातला गणिती, 1924 साली, साठी उलटल्यावर, हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकवायला गेला. 1929च्या ‘प्रोसेस अँड रिअॅलिटी’त तो सांगतो की जग वस्तूंचं नाही, घटनांचं बनलेलं आहे. दगडसुद्धा घटनांची मालिकाच, फक्त तोचतोचपणा इतका की आपल्याला तो स्थिर वाटतो. आणि या नियमातून देवालाही सूट नाही. त्याच्या देवाला दोन अंगं आहेत. एकात सगळ्या शक्यता साठलेल्या, ते बदलत नाही. दुसरं, जगात घडेल ते सगळं स्वतःत घेतं आणि वाढत जातं. तुमचं आजचं दुःख काल त्या देवाच्या अनुभवात नव्हतं, आज आहे.

याची किंमतही मोजावी लागते. असा देव कोणाला ढकलत नाही, आर्जव करतो. ऐकायचं की नाही ते जगाच्या हातात. याच विचारातल्या चार्ल्स हार्टशोर्न या अमेरिकन तत्त्वज्ञाने तर 1984च्या पुस्तकाच्या नावातच देवाच्या सर्वशक्तिमान असण्याला धर्मशास्त्रातली चूक ठरवलं.

(हे घाईघाईने अद्वैताला जोडू नका. शांकरमतात ब्रह्म निर्विकार, बदल मायेच्या खात्यात. इथे बदल खरा, आणि देवालाही लागतो.)

मला हे का भावलं? वडील आयसीयूत असताना बाहेरच्या बाकड्यावर एक नातेवाईक म्हणाले, “देवाची इच्छा.” डोक्यात तिडीक गेली होती. व्हाइटहेडचा देव त्या बाकड्यावर आपल्या शेजारी बसलेला असतो, आत कोणाला पाडत नसतो. हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग त्याला नवस कशाला बोलायचा?”

मला उत्तर सुचलं नाही. वडील घरी आले, आणि तिने नवस फेडला.