पती वाचले, भाऊ गेला. आता उपकारस्तुती कोणत्या तोंडाने करू?

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात: ‘गेल्या जूनमध्ये माझ्या पतींना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालय घराजवळच असल्याने लगेच उपचार मिळाले, अँजिओप्लास्टी झाली आणि ते बरे होऊन घरी आले. ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाला तसाच झटका आला. तो गावाबाहेर वस्तीवर राहत असे. गाडी मिळून शहरात पोहोचेपर्यंत वाटेतच तो गेला. मागे वहिनी आणि दोन लहान मुले आहेत. फोन आल्याबरोबर आमच्या प्रार्थना गटाने त्याच्यासाठीही गुडघे टेकले होते. आता सासूबाईंना उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे जाहीर आभार मानण्याची सभा ठेवायची आहे. मांडव, बाहेरगावचे वक्ते, बोकडाचे जेवण असा बेत आहे आणि त्यात मी साक्ष द्यावी, देवाने आमच्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगावे, असा त्यांचा आग्रह आहे. माझी जीभ रेटत नाही. त्यातच आमच्या चर्चच्या मंडळीतील एक ज्येष्ठ गृहस्थ मला म्हणाले की, तुझ्या घरी विश्वास होता म्हणून नवरा वाचला, भावाच्या घरी तो कमी पडला. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. माझा विश्वास गेला आहे का?’

प्रिय भगिनी,

तुमचा विश्वास गेलेला नाही. तुमच्या दुःखाला कोणीतरी परस्पर एक कारण चिकटवून दिले आहे, आणि ते कारण मान्य केल्याशिवाय देवाचे आभार मानताच येणार नाहीत असे तुम्हाला वाटू लागले आहे. सभेत उभे राहून ‘देवाने माझ्या पतींना वाचवले’ असे म्हणताना ‘आणि माझ्या भावाला वाचवले नाही’ हे अर्धे वाक्य तुमच्या घशात अडकते. ते अडकते यात तुमच्या विश्वासाची उणीव नाही. भावावरची माया आणि देवापुढे खोटे न बोलण्याची तुमची वृत्ती त्यातून दिसते.

त्या गृहस्थांच्या बोलण्याचा आधी विचार करू, कारण खरी इजा तिथे झाली आहे. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय शांतपणे वाचा. हेरोद राजाने येशूचा प्रेषित योहान याचा भाऊ, प्रेषित याकोब, याला तरवारीने ठार मारले, हे तिथे एका वाक्यात येते. त्यानंतर त्याने प्रेषित पेत्राला तुरुंगात टाकले, मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करत राहिली, आणि रात्री देवदूताने त्याला साखळदंडांतून सोडवून बाहेर आणले. एकच शहर, एकच मंडळी, एकच राजा. एक प्रेषित मारला गेला आणि दुसरा सुटला. याकोबाच्या वेळी विश्वास कमी पडला असे लिहिणाऱ्याने कुठेही म्हटलेले नाही. उलट, पेत्र सुटून मार्काची आई मरीया हिच्या घराचे दार ठोठावू लागला आणि रुदा नावाच्या मुलीने आत धावत जाऊन तसे सांगितले, तेव्हा त्याच्यासाठीच प्रार्थना करत बसलेल्या लोकांनी तिला वेड्यात काढले. ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांचाच तिच्यावर विश्वास बसेना! विश्वासाचे माप मोजून देव जीवदान देतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

या प्रसंगातील योहानाकडे तुम्ही विशेष लक्ष द्या. मंदिराच्या दारापाशी, न्यायसभेपुढे, शोमरोनात, सगळीकडे पेत्र आणि योहान बरोबर होते. योहानाच्या सख्ख्या भावाला मारले गेले आणि जिवाभावाचा सोबती सुटून आला. त्या दिवसांत त्याच्या मनात काय चालले असेल ते पवित्र शास्त्रात लिहिलेले नाही आणि आपणही ते रचू नये. पेत्राच्या सुटकेचा आनंद आणि याकोबाचा शोक अशी दोन्ही ओझी त्या मंडळीला एकाच वेळी वाहावी लागली, एवढे मात्र निश्चित आहे. आज तुमच्या घरावर तीच वेळ आली आहे.

तुमच्या पत्रातच आणखी एक साधी गोष्ट आहे. अशा झटक्यात पहिला तास किती मोलाचा असतो हे डॉक्टर वारंवार सांगतात. तुमच्या पतींचे घर रुग्णालयाजवळ होते आणि तुमचा भाऊ वस्तीवर राहत होता. हा फरक रस्त्याचा आणि गाडीचा आहे. त्याला भावाच्या घरच्या विश्वासाची कमतरता म्हणणे हा त्या घरावर अन्याय आहे, आणि विधवा झालेल्या एका बाईच्या माथी तिच्याच नवऱ्याचे मरण मारणे आहे. हे शब्द वहिनींच्या कानांपर्यंत गेले असतील तर त्यांच्यावर काय ओढवले असेल याचा विचार करा. त्या गृहस्थांशी वाद घालण्याची जबाबदारी तुमची नाही, परंतु हे बोलणे पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, कानावर अवश्य घाला. मंडळीत असे शिकवले जात असेल तर ते थांबवणे हे पाळकांचे काम आहे.

मग आभार मानायचे कसे? ज्या रात्री प्रभू येशू धरून दिला गेला, त्या रात्री त्याने भाकर आणि प्याला घेऊन उपकारस्तुती केली. प्रभुभोजनाच्या वेळी आपण हे प्रत्येक वेळी ऐकतो. त्याच रात्री, काही वेळातच, गेथशेमाने बागेत पालथे पडून ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ असेही त्याने म्हटले. त्याच्या तोंडी आभार होते आणि विनवणीही होती, आणि एकामुळे दुसरे खोटे ठरले नाही. तुम्हाला मात्र सभेत केवळ आभार मानायला सांगितले जात आहे आणि विनवणी घरी ठेवून यायला सांगितले जात आहे. असे अर्धे तोडलेले आभार तुमच्याकडून निघत नाहीत, यात मला नवल वाटत नाही.

आपल्या मंडळ्यांतील हंगामाचा सण आठवून पाहा. दुष्काळी वर्षातही तो होतोच. ज्याचे शेत करपले तोही घरातील डब्यातून पसाभर बाजरी आणून वेदीपुढे ठेवतो. त्या दिवशी पाऊस न पडल्याबद्दल कोणी आभार मानत नाही आणि शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी होते म्हणून त्याचा विश्वास थोर असेही कोणी म्हणत नाही. जे हाती आले ते देवाचे मानून त्याच्यापुढे ठेवायचे आणि जे आले नाही त्याचे दुःखही त्याच्याजवळच मांडायचे. तुमचे पती बरे झाले, हे तुमच्या हाती आलेले धान्य आहे. ते घेऊन जाताना लाज वाटू देऊ नका. तुम्ही ते भावाच्या वाट्यातून काढून घेतलेले नाही.

पंडिता रमाबाईंनी तरुण वयात दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. त्या आणि त्यांचा भाऊ वाचले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचे काम त्यातूनच वाढले. मला हे सर्वात अर्थपूर्ण वाटणारे आभारप्रदर्शन आहे. तुमच्या प्रश्नाचा एक भाग त्यामुळे सुटू शकतो असे वाटते म्हणून ते सांगितले.

आता सभेविषयी. भावाचा पहिला स्मृतिदिन ऑगस्टमध्ये येतो. त्याच्या आत मांडव घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सासूबाईंनी मुलगा मरणाच्या दारातून परत आलेला पाहिला आहे, त्यामुळे त्यांच्या आग्रहामागे दिखावा आहे असे समजू नका. त्यांनी देवाला काही बोललेले असेल आणि ते फेडायची त्यांना घाई असेल. परंतु हे त्यांच्याशी तुम्ही एकट्याने बोलू नका. पतींना बोलू द्या. जीव त्यांचा वाचला आहे, साक्ष द्यायची तर ती त्यांची आहे, आणि मेहुण्याच्या दुःखात बायकोला भर सभेत उभे करू नका असे आईला सांगण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. बाहेरगावचे वक्ते आणि बोकडाचे जेवण यांऐवजी घरच्या घरी चहा-फराळावर प्रार्थना ठेवावी आणि वाचलेले पैसे भाच्यांच्या शाळेच्या फीसाठी द्यावेत, ही सूचनाही त्यांनीच मांडावी. सासूबाईंना यात कमीपणा वाटू नये म्हणून ती रक्कम त्यांच्याच हातून मुलांना द्यावी.

वहिनींना इतरांसारखा व्हॉट्सॲपवर निरोप पाठवू नका. आधी त्यांच्या घरी जा, सभेचे स्वतः सांगा, आणि त्यांनी येऊ नये असे म्हटले तर तेवढ्यावर विषय सोडा. ‘देवाची इच्छा’ हे शब्द तिथे उच्चारू नका. भावाची आठवण काढा. वर्ष होत आले की लोक मेलेल्या माणसाचे नाव घ्यायचे टाळू लागतात आणि मागे राहिलेल्यांना ते फार लागते.

सभेत तुम्हाला काही करायचेच असेल तर साक्ष देण्याऐवजी स्तोत्र ११६ वाचा. मरणातून सुटलेल्या माणसाचे ते गीत आहे, देवाच्या उपकारांचा उतराई कसा होऊ असे तो विचारतो. आणि त्याच स्तोत्रात पुढे देवाच्या भक्तांचे मरण देवाच्या दृष्टीने अमोल असल्याचेही म्हटले आहे. पतींसाठी आणि भावासाठी वेगवेगळी स्तोत्रे शोधावी लागणार नाहीत. पाळकांना आधीच सांगून ठेवा की प्रार्थनेत तुमच्या भावाचे, वहिनींचे आणि मुलांचे नाव घ्यावे.

तोपर्यंत एकांतात प्रार्थनेला शब्द येत नसतील तर जबरदस्ती करू नका. तेरावे स्तोत्र लहान आहे, ‘किती काळ?’ असा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. रोज तेवढेच वाचले तरी चालेल. झोप आणि जेवण तुटले असेल तर डॉक्टरांनाही भेटा, आणि ते पतींपासून लपवू नका.