उत्तान म्हणजे उताणा, भडक नव्हे

प्रश्न आला आहे तो असा: शरीरशास्त्राच्या पुस्तकात हाताच्या एका हालचालीला ‘उत्तानन’ म्हटलं आहे. उत्तान म्हणजे तर भडक, अश्लील. मग हा शब्द तिथे कसा आला, आणि त्याच्या उलट हालचालीला काय म्हणायचं?

शब्द तिथे अगदी योग्य जागी आहे. चूक होते ती इतरत्र, उत्तान दृश्यं नि उत्तान कपडे यांचा रतीब घालताना.

कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा आणि तळहात आभाळाकडे फिरवा. हे उत्तानन. अशा वेळी कोपरापुढची दोन हाडं, रेडिअस आणि अल्ना, एकमेकांना समांतर असतात. तळहात जमिनीकडे फिरवला की रेडिअस अल्नावरून तिरकं आडवं जातं. शरीररचनेचं वर्णन करताना माणूस ताठ उभा आणि तळहात पुढे, असंच धरतात. म्हणून तिथे अंगठा बाहेरच्या बाजूला मोजला जातो.

आता मूळ. उद् अधिक तन्, म्हणजे वर ताणलेलं, पसरलेलं. तान, तंतू, ताणणं ही सगळी याच तन् धातूची भावंडं. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात अग्नीची पूजा ‘उत्तानहस्त’ होऊन करायला सांगितली आहे, म्हणजे तळहात वर करून. हीच ती हालचाल! अमरकोशात तान्ह्या मुलीला ‘उत्तानशया’ म्हटलंय, कारण ती पाठीवर पडून असते. आणि प्राकृतातल्या ‘उत्ताण’वरून आपल्याकडे आला तो उताणा. उत्तान आणि उताणा हा एकच शब्द आहे. एक संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, दुसरा लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झाला. एकाला आपण बदनाम केलं आणि दुसऱ्याला विसरत चाललो आहोत.

मग अश्लीलता कुठून आली? काहीजण ठामपणे सांगतात की उताणं पडलेल्या देहावरून. मला हे साफ अमान्य आहे. ते अमरकोशातली दुसरी नोंद वाचतच नाहीत: गंभीर म्हणजे खोल, आणि त्याच्या उलट ते उत्तान, म्हणजे उथळ. चरकसंहितेत वातरक्ताचे, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या एका रोगाचे, दोन प्रकार आहेत, उत्तान आणि गंभीर. त्वचा आणि मांस यांच्यापुरतं राहतं ते उत्तान. म्हणजे वरवरचं, उघड्यावर असलेलं. माझ्या मते ‘उत्तान शृंगार’ हा प्रयोग इथूनच निघाला. जो सूचक नाही, झाकलेला नाही, सगळं पृष्ठभागावरच मांडतो तो शृंगार. पुढे शृंगार गळून पडला आणि त्याचा डाग मात्र विशेषणाला चिकटून राहिला. देहाच्या स्थितीवरून हा अर्थ आला असता, तर ध्रुवाच्या बापाचं नाव उत्तानपाद ठेवायला कुणी धजावलं असतं का?

‘उत्तानासनात तर माणूस पुढे वाकतो, उताणा कुठे असतो?’ अशी हरकत हमखास येते. तिथे तन् धातूचा ताण तेवढा घेतला आहे, पाठ घेतलेली नाही. हरकत फोल आहे.

व्यायाम शिकवणारे ‘सरळ झोपा’, ‘उलटे झोपा’ म्हणतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. सरळ तर कुशीवरही झोपता येतं! उताणे झोपा, पालथे झोपा, इतके नेमके शब्द घरात असताना हे अर्धवट शब्द कशाला? पालथाही तितकाच जुना आहे. तो संस्कृत ‘पर्यस्त’वरून आला, म्हणजे उलथलेला.

उलट हालचालीचं विचारलं होतं. पुस्तकी शब्द अवतानन. बोलताना ‘तळहात पालथा करा’ म्हणा, कुणालाही कळेल.